तुमच्या घरातून पलटणीत कोण गेलं होतं?

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, रात्री ९.१०

उद्या संक्रांत. उद्याच माजी सैनिक दिनही असतो, पण तिळगुळाच्या गडबडीत तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले, म्हणून ही तारीख धरलेली आहे. सकाळपासून फोनवर तिरंगा, बंदूकधारी जवानाची काळी आकृती आणि 'शत शत नमन' येत राहील. येऊ दे. माझी तक्रार एवढीच की त्या आकृतीला चेहरा नसतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर, बेळगाव, कुठंही जा, भावकीत एक तरी पेन्शनर निघतोच. आणि 'मिल्ट्रीत होते' यापलीकडं घरातल्या पोरांना त्याच्याबद्दल दोन वाक्यं सांगता येत नाहीत.

म्हणून हा धागा काढतोय. ज्यानं त्यानं आपल्या घरातला, आळीतला एक माणूस घ्यावा आणि ठाऊक आहे तेवढं लिहावं. कोणती पलटण, कुठं होता, येताना काय आणलं, काय सांगितलं आणि काय कधीच सांगितलं नाही. शौर्यपदकच पाहिजे असं नाही. लंगरात रोट्या भाजल्या असतील, खेचरं हाकली असतील, तरी लिहा. फक्त पूर्ण नाव, सैनिक नंबर, पेन्शनचे कागद इथं टाकू नका. हल्ली त्यावरूनही लोकांना गंडवतात.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. १९७१ ला जमालपूरला होते. तिथली चिठ्ठीची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानच्या ३१ बलुचला 'शरण या' म्हणून पत्र धाडलं. मुक्तिवाहिनीचा एक माणूस सायकलवरून ते घेऊन गेला. परत आलेल्या उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. लेखणी ठेवा आणि स्टेनगन घेऊन या, असा त्या उत्तराचा मतलब. मग १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटण वेढा फोडायला निघाली आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली.

आण्णांना कुणी ही गोष्ट विचारली की ते म्हणायचे, "चिठ्ठ्या सायबांच्या. आमच्या हातात फावडं होतं." खंदक खणून हाताला फोड आले होते हे सांगायचे. पुढचं नाही.

त्यांची एक सवय होती. एसटीत चढायच्या आधी घरातली माणसं मोजायची आणि उतरल्यावर परत मोजायची. आम्ही पोरं मुद्दाम मागं लपायचो, म्हणजे आकडा चुकावा. त्यावर आई एकदाच फार जोरात ओरडली होती. ११ तारखेच्या सकाळी पलटणीची हजेरी घेतली तेव्हा काय झालं ते आण्णांनी फक्त तिला सांगितलं होतं.


चिंचगूळ | १३ जानेवारी, रात्री ९.३२

काय लिहिलंय! आमचे मामा सिग्नल्समध्ये होते एवढंच माहीत आहे. उद्या तिळगूळ द्यायला जाणारच आहे, तेव्हा विचारून लिहिते.


तळकोकणी | १३ जानेवारी, रात्री १०.०५

पणजोबा पहिल्या महायुद्धात ११०व्या मराठा पलटणीत होते. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, तिथलं कुत-अल-अमारा. सहावी पूना डिव्हिजन तिथे डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. १०३, ११० आणि ११७ अशा मराठ्यांच्या तीन पलटणी आत होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला लागले. आपली माणसं घोड्याच्या मांसाला हात लावीनात. तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून 'खायला हरकत नाही' असे निरोप मागवावे लागले. शरण गेल्यावरचे हाल वेढ्यापेक्षा वाईट होते. बगदाद, मोसूल करत वाळवंटातून पायी रास-अल-ऐनपर्यंत, आणि तिथे रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेतच गेले.

पणजोबा परत आले. त्यांनी घोडं खाल्लं की नाही, हे गावात कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आजीचं म्हणणं, "विचारलान असता तर वाळीत टाकूक लागला असता, म्हणान कोणी विचारूक नाय."

त्यांना दोन मेडलं मिळाली होती. त्यातलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं. ते मोठ्या आत्येच्या लग्नात सोनाराकडे गेलं आणि त्याचे पैंजण झाले. दुसरं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं. सोनाराने ते परत दिलं, म्हणून आज घरात आहे. त्याच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली आहे. आम्हाला '११०' कळलं ते तिथून. तोवर घरात सगळे 'बसऱ्याची लढाई' एवढंच म्हणत.

पैंजणांचं मला वाईट वाटत नाही. पोरीच्या लग्नाला उपयोगी पडलं, हेच पणजोबांना आवडलं असतं.


प्रश्नचिन्ह | १३ जानेवारी, रात्री १०.४०

राग मानू नका, पण मनात आलं ते विचारतो. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांबद्दल कृतज्ञता समजू शकतो. मेसोपोटेमियात आपली माणसं इंग्रजांच्या तेलासाठी आणि साम्राज्यासाठी लढली. पगारी चाकरी होती ती. घरच्या माणसाची आठवण काढणं वेगळं. देशाने आभार कसले मानायचे?


घाटावरची | १३ जानेवारी, रात्री १०.५२

प्रश्नचिन्ह, आभार मानायच्या आधी कुणासाठी लढले याची पावती मागताय तुम्ही.


निळं_आभाळ | १३ जानेवारी, रात्री ११.२०

'चाकरी' या शब्दाला माझी हरकत नाही. आमच्या समाजाला ती चाकरीसुद्धा नाकारली गेली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरेगावच्या स्तंभावर १८१८ साली पडलेल्या महार शिपायांची नावं कोरलेली आहेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १८९० च्या दशकात, 'लढाऊ जमाती'चं, म्हणजे ठराविक जातीच लढायला लायक असं इंग्रजांचं, खूळ निघालं आणि महारांची भरती बंद झाली. दापोलीच्या आसपास पेन्शनर महार कुटुंबांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक. भरती पुन्हा उघडा म्हणून त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेच्या शाळेत शिकवत, आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. गावच्या शाळेत ज्यांना ओट्यावर बसू देत नव्हते त्यांची मुलं पलटणीच्या शाळेत सक्तीने शिकत होती. फौजेचं दार बंद झालं म्हणजे पगार गेला तशी शाळाही गेली.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११वी महार पलटण उभी केली. गरज सरल्यावर १९२१ ला ती मोडून टाकली. १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती टिकली. माझे आजोबा तिथल्या पहिल्या काही वर्षांतले. त्या काळी फौजेत रोमन लिपीतलं उर्दू शिकवत. त्यामुळे आजोबांना मराठी पुस्तक नीट वाचता यायच्या आधी ते यायला लागलं. पेन्शनीत आले ते खाकी कोट घालून, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच कोटात शाळेत जाऊन आत्यांची नावं घालून आले. दोघी पुढे शिक्षिका झाल्या.

तर प्रश्नचिन्ह, माझे आजोबा कुणासाठी लढले? पगारासाठी, रेजिमेंटसाठी आणि आत्यांच्या शाळेसाठी. यातल्या कशाबद्दल मी आभार मानू नयेत, सांगा.


गलबत | १३ जानेवारी, रात्री ११.४५

मीही एक कोडं घालतो. आमचे आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी. १९४५ पर्यंत ते तुमच्या हिशेबाने इंग्रजांचे चाकर. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर अन्न आणि वागणुकीवरून संप सुरू झाला आणि बघता बघता तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. आजोबा त्यात होते. नोकरी गेली, पेन्शन नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर ना भारताने त्या पोरांना नौदलात परत घेतलं, ना पाकिस्तानने. घरी येऊन त्यांनी मालवणात होडी धरली.

म्हणजे आठ दिवसांत माणूस चाकराचा बंडखोर झाला. हातपाय तेच, गणवेशही तोच. आता यांना कोणत्या खान्यात टाकू?


प्रश्नचिन्ह | १४ जानेवारी, सकाळी ७.१५

गलबत, निळं_आभाळ, दोघांचंही वाचलं. खाने पाडणं अवघड आहे हे मान्य. साम्राज्याच्या लढायांबद्दल माझं मत तेच आहे. पण ते मत शिपायावर काढण्यात अर्थ नाही. लिहीत राहा, मी वाचतोय.


पन्हाळी_वारा | १४ जानेवारी, सकाळी ८.०२

तिळगूळ घ्या सगळे.

आमच्या थोरल्या आजोबांची गोष्ट. मराठ्यांची २/५ बटालियन (पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी), लिबियातलं तोब्रुक. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं आणि पलटण जर्मन सेनापती रोमेलच्या हाती सापडली. कैदी म्हणून इटलीला नेले. घरी तार आली, 'बेपत्ता'. भावकीतल्या चार शहाण्यांनी बसून ठरवलं की माणूस गेला, आता सुनेचं कुंकू उतरवा. थोरली आजी अंगठाछाप, पण व्यवहाराला पक्की. ती म्हणाली, "मनीऑर्डर येतीय न्हवं? सरकार मेलेल्याला पगार देत न्हाई." महिन्याच्या महिन्याला अलॉटमेंटचे, म्हणजे पगारातून घरी लावून दिलेले, पैसे येत होते, आणि ते येतात तोवर कुंकवाला हात लावू देणार नाही, यावर ती अडून बसली. पोस्टमन दारात आला की ती पैसे घ्यायच्या आधी भावकीतल्या त्या चौघांना हाक मारून बोलवायची आणि त्यांच्यादेखत मोजून घ्यायची.

सप्टेंबर १९४३ ला इटलीने शस्त्रं टाकली तेव्हा कैद्यांच्या छावण्या फुटल्या. थोरले आजोबा डोंगरात पळाले. एका शेतकऱ्याने गोठ्यात लपवून ठेवलं. आपण जर्मनांना सापडलो असतो तर त्या शेतकऱ्याचं घर जाळलं असतं, हे ते दर वेळी सांगायचे. स्वतःची लढाई कमी आणि त्या शेतकऱ्याची म्हातारी आई जास्त, असा त्यांच्या गोष्टीचा हिशेब असायचा. आभार मानायचे झाले तर आमच्या घराने आधी त्या म्हातारीचे मानले पाहिजेत.


कृष्णाकाठ | १४ जानेवारी, सकाळी ८.४०

पन्हाळी_वारा, त्या मनीऑर्डरीसाठी तुमच्या थोरल्या आजींना कडक सॅल्यूट.


म्युनिकवासी | १४ जानेवारी, दुपारी १.३०

इटलीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आजीचा धाकटा भाऊ १९४४ ला इटलीत पडला. घरात फोटो नाही, पत्र नाही, 'इटलीला गेला' एवढंच. मी जर्मनीत राहायला आल्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवर शोधायला बसले. इंटरनेटवर फुकट शोधता येतं, पण आपल्या लोकांना काही खाचाखोचा माहीत असायला हव्यात.

पहिली गोष्ट, नावाचं रोमन स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाला ऐकू आलं तसं आहे. आडनाव बहुतेकदा आहे, कधी नुसतंच नाव. पाच-सहा प्रकारे लिहून बघा. दुसरी, नोंदीत 'अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, अमुक गाव' असा तपशील बऱ्याच वेळा असतो. नावाने सापडलं नाही तर गावाने किंवा तालुक्याने शोधा. आणि जिल्हे त्या काळचे धरा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता. मी दोन संध्याकाळ 'रायगड' टाकून डोकं फोडत बसले होते.

इटलीतल्या कसिनोला गेले तेव्हा स्मारकाच्या संगमरवरी खांबावर नाव दिसलं. ज्यांची कबर नाही त्यांची नावं तिथे आहेत. आपल्या माणसांपैकी अनेकांना अग्नी दिला होता. सांग्रो नदीजवळच्या दफनभूमीत तर दहन झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. कसिनोच्याच खांबांवर नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव आहे. माणगाव तालुक्यातले, ३/५ मराठा, १० जुलै १९४४. सेक्शनमधले बाकी सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली. टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून गन उलटी धरून दस्त्याने हाणलं. मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांनी टिपलं. वय बावीसच्या आसपास. व्हिक्टोरिया क्रॉस. मोंतोने गावात २०२३ साली इटालियन लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

मी तिळाची वडी नेली होती. खांबापाशी ठेवली. राखणदाराने विचारलं हे काय, तर त्यालाही एक दिली.

तळकोकणी, तुमच्यासाठी मात्र वाईट बातमी. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे, पण त्यातल्या हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलेलीच नाहीत. पलटणीचं नाव, हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि खाली शिपायांचा नुसता आकडा. गोऱ्या टॉमीचं नाव आहे, आपल्या गणपतचं नाही. कमिशनने २०२१ मध्ये याबद्दल अहवाल काढून माफी मागितली. तुमचे पणजोबा परत आले हे बरं, पण त्यांच्याबरोबरचे जे तिथेच राहिले ते त्या आकड्यात आहेत.


तळकोकणी | १४ जानेवारी, दुपारी २.१०

हे माहीत नव्हतं. त्यांच्या वाडीतले दोघे गेले ते परत आले नाहीत, असं आजी सांगायची. म्हणजे ते दोघे त्या आकड्यात. साइटवर शोधून बघतो, आणि नावं सापडली तर देवळाच्या सभामंडपात पाटी लावायचं गावकऱ्यांना सांगतो. तेवढं आम्हाला परवडेल.


अजिंक्यतारा | १४ जानेवारी, दुपारी ३.००

तळकोकणी, नक्की लावा. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात असा दगड आहे. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले. आपल्याकडच्या जुन्या चावड्यांवर, वेशींवरही 'या गावातून इतके गेले, इतके कामी आले' अशी इंग्रजी संगमरवरी फरशी असते. अर्ध्या ठिकाणी तिच्यावर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलेलं असतं. ते सोडवून, पुसून फोटो काढणं हे एका रविवारचं काम आहे. कॉलेजातल्या पोरांना सांगा.


ट्रंकवाला_हवालदार | १४ जानेवारी, सायंकाळी ६.४५

मुलाने धागा वाचून दाखवला. मी स्वतः माजी सैनिक. मला टायपिंग जमत नाही, तो लिहितोय, मी सांगतोय.

मी श्रीलंकेत ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेत, होतो. १९८७ ला गेलो तेव्हा लोक फुलं टाकत होते. १९९० ला परत आलो तेव्हा बंदरावर कोण नव्हतं. आपली बाराशेच्या आसपास माणसं तिथं गेली. मेजर परमेश्वरन साहेब महार रेजिमेंटचे, मुंबईत जन्मलेले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र. त्या सगळ्यांची नावं कोलंबोत दगडावर लागली २००८ ला. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं २०१९ ला. मी बायकोला घेऊन दिल्लीला गेलो. भिंतीवर आमच्या कंपनीतल्या पोराचं नाव हाताला लागलं. ती म्हणाली, हाच का तो लोणचं मागणारा. मी म्हटलं, हाच.

आता आभाराचं. लोकांचं प्रेम आहे, नाही असं नाही. पण काही गोष्टी सांगतो, राग नसावा. किती मारले असं विचारू नका, पोरांनासुद्धा विचारू देऊ नका. झेंडावंदनाला बोलावता, शाल-नारळ देता, चांगलं आहे. पण पुढारी यायचे आहेत म्हणून म्हाताऱ्या माणसाला दोन-दोन तास उन्हात बसवता. एकदा तर शाल माझ्या अंगावर घालून फोटो काढला आणि पुढच्या माणसाला तीच घातली.

चांगलं काय झालं तेही सांगतो. आमच्याकडच्या एका मास्तरनं मला पोरांना नकाशा आणि होकायंत्र शिकवायला बोलावलं. भाषण नको म्हणाला. दोन तास पोरं रानात बेअरिंग काढत फिरली, तीन जण ओढ्यात पडली. अजून रस्त्यात भेटली की 'सर, उत्तर कुठं?' म्हणून ओरडतात. मला त्या शालीपेक्षा ते आवडतं.


घाटावरची | १४ जानेवारी, सायंकाळी ७.०५

हवालदारसाहेब, नमस्कार. शालीचं वाचून हसावं की रडावं कळेना. लिहून घेणाऱ्या मुलालाही शाबासकी.


रजेची_वाट | १४ जानेवारी, रात्री ८.२०

आता बायकांचं कोण लिहिणार, म्हणून मीच लिहिते.

आमचे हे ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं आमचा संसार ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावर झाला. यांचं युनिट हललं तरी पत्ता तोच. सासूबाईंना वाटायचं ५६ एपीओ हे काश्मिरातलं एखादं गाव आहे, आणि तिथे पाऊसपाणी कसं आहे असं त्या पोस्टमनला विचारायच्या.

सातबारा यांच्या नावावर, बँकेत सही यांची, आणि हे सियाचीनच्या पायथ्याला गाड्या दुरुस्त करतायत. विहिरीला पाणी लागलं तेव्हा हे नव्हते, मोठ्याला टायफॉइड झाला तेव्हा नव्हते, सासरे गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचले. रजेवर आले की पहिले दोन दिवस पाहुण्यासारखे असायचे. पोरं 'काका' म्हणायची. तिसऱ्या दिवशी भांडण झालं की मला बरं वाटायचं, म्हटलं आता आला माणूस घरी.

वीरपत्नींचा सन्मान व्हायलाच हवा, त्यांचं दुःख मोठं आहे. पण ज्यांचे नवरे धडधाकट परत आले त्या आम्हा बायकांनी तेवढी वर्षं शेत, दूध डेअरी, म्हातारी माणसं आणि शाळा एकटीने ओढली, त्याची नोंद कुठल्या डिस्चार्ज बुकात नाही. कुणाची आई, काकू अशी असेल तर तिलाही एकदा विचारा. पुष्कळ सांगेल, तुम्हाला वेळ पुरायचा नाही.


चिंचगूळ | १४ जानेवारी, रात्री ९.००

मामांना विचारून आले. मामा म्हणाले "काय नाय गं, तारा जोडायचो." मग मामीला विचारलं. तासभर बोलली. रजेची_वाट यांना अनुमोदन.


सेतू_केंद्र | १४ जानेवारी, रात्री ९.४०

मी गावात ऑनलाइन कामं करून देतो. कृतज्ञता दाखवायचा एक अगदी साधा मार्ग सांगतो, कारण दर नोव्हेंबरला माझ्या टपरीत हे बघतो.

पेन्शनरांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता पेन्शन 'स्पर्श' प्रणालीवर गेली आहे, सगळं ऑनलाइन. म्हाताऱ्या माणसाने जन्मभर मातीत काम केलेलं, बोटांच्या रेघा झिजलेल्या, अंगठा मशीनवर लागतच नाही. विधवा आजी असेल तर कागदावरचं नाव एक, आधारवरचं दुसरं. मोबाइल नंबर मुंबईच्या नातवाचा, तो फोन उचलत नाही, ओटीपी येऊन जातो. आणि दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबते. जिवंत माणूस कागदावर मेलेला.

यावर उपाय आहे. चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय मोबाइलच्या अॅपमध्ये आहे. दहा मिनिटांचं काम. तुमच्या आळीत कोणी माजी सैनिक किंवा त्यांची बायको असेल तर नोव्हेंबरमध्ये जाऊन एवढं करून द्या. नावाचा घोळ असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. आजींना एकटं पाठवू नका. त्यांना खिडकीवर 'उद्या या' म्हणतात. बरोबर तुमच्यासारखा प्रश्न विचारणारा असला की आजच होतं.


खडकीकर | १४ जानेवारी, रात्री १०.१५

सेतू_केंद्र यांना +१. पुण्यातल्यांसाठी थोडी भर. खडकीला पाठीच्या कण्याला जखम होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. जवळच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. ते १९१७ साली अपंग सैनिकांना हातकाम शिकवायला सुरू झालं आणि अजून चालू आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर ईएमईचे जवान. १९६५ ला गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

भेटायला जायचं तर आधी परवानगी घ्या, आणि गटाने जाऊन सेल्फी काढू नका. बुद्धिबळ, कॅरम येत असेल तर खेळायला जा. तिथले लोक हरवतात, सांगून ठेवतो.


वाचनखूण | १४ जानेवारी, रात्री १०.५०

धागा फार छान चाललाय. मला एक मदत हवी आहे. आमच्या आत्येकडे चुलत आजोबांचं एक पदक आहे. सहा टोकांचा पिवळट तारा, मध्ये मुकुट. फीत कधीच गेली. आजोबा 'बर्मात तोफ चालवायचे' असं घरात सांगतात. हे खरं की नाही कसं कळेल? आधी ब्रासोने चकचकीत करून मग फोटो टाकू का?


तळकोकणी | १४ जानेवारी, रात्री १०.५५

ब्रासो नको!! अक्षरं झिजतात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, बास.


म्युनिकवासी | १४ जानेवारी, रात्री ११.०५

सहा टोकांचा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला. पहिल्यातल्या ताऱ्याला चार टोकं होती. मधल्या मुकुटाभोवतीच्या गोलावर मोहिमेचं नाव असतं: बर्मा स्टार, इटली स्टार, आफ्रिका स्टार. हिंदुस्थानी फौजेला दिलेल्या ताऱ्यांवर पाठीमागे नंबर, हुद्दा, नाव आणि दल ठोकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. खोलीत अंधार करा, टॉर्च तिरका धरा आणि भिंगातून बघा. सरळ उजेडात काही दिसत नाही. दलाचं नाव रोमन आद्याक्षरांत असेल, तेवढीच इथे लिहा. नंबर नको.


वाचनखूण | १४ जानेवारी, रात्री ११.५०

बघितलं! आत्येला झोपेतून उठवलं, ती चिडलीय, पण सापडलं. पुढे 'बर्मा स्टार'. पाठीमागे नंबर, नाव आणि शेवटी आर.आय.ए.एस.सी. याचा अर्थ काय?


निळं_आभाळ | १४ जानेवारी, रात्री ११.५८

रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. रसद, पेट्रोल, ट्रक, खेचरं हे सगळं त्यांच्याकडे. तोफखाना नाही. बहुतेक ट्रक चालवत असतील, नाहीतर खेचरांच्या कंपनीत असतील.


वाचनखूण | १५ जानेवारी, रात्री १२.०६

आत्या म्हणते खेचरंच! आजोबांना म्हातारपणी कुठलंही अडलेलं गाढव हलवता यायचं, कुंभार मुद्दाम बोलवायला यायचे म्हणे. तोफेचं कोणी घुसडलं ते आता शोधते.